कुंपणालगतच्या कपबश्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच नाही. आता सांगतेय ते मन हलकं करायला, असं समजू नका. मन हलकं वगैरे काही होत नसतं. आणि एक आधीच बजावून ठेवते — मधेच कुठे 'अगं, त्या वेळी तुझी परिस्थितीच तशी होती' असं म्हणावंसं वाटलं, तर कृपा करून म्हणू नका. परिस्थिती उत्तम होती. तेच तर सांगायचंय.

मी मेधा. शिकले पुण्यात, आणि जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतर तिसऱ्या वर्षी तिथल्या त्सुकुबाला आले, पोस्टडॉक म्हणून. त्या भूकंपात खाडीकाठच्या भरावाच्या जमिनी खिरीसारख्या पातळ झाल्या होत्या. रस्त्यांखालची माती वाहून गेली आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या डांबराखाली पोकळ्या राहिल्या. त्या शोधायचं आमचं काम. बाबागाडीसारखी एक गाडी रस्त्यावरून ढकलत न्यायची. ती जमिनीत लाटा सोडते, परत येतील त्या टिपते, आणि खाली काय दडलंय ते आम्ही पडद्यावर वाचायचं. रडारच, पण जमिनीच्या पोटात बघणारं.

अडचण एकच. वरच्या हातभर मातीत नुसता कचरा असतो — खिळे, डबे, विटांचे तुकडे, फुटक्या बरण्या. प्रत्येकाची पडद्यावर एक पालथी वाटी उमटते आणि खालचं काही दिसू देत नाही. मी एक प्रोग्रॅम लिहिला, जो हा कचरा ओळखून पुसून टाकायचा. लॅबमध्ये सगळे या कचऱ्याला 'गोमी' म्हणायचे, म्हणजे जपानीत कचराच. माझ्या प्रोग्रॅमला मी मनातल्या मनात चाळण म्हणायचे. काय सुरेख चालायची माझी चाळण! आमचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं सेन्सेई म्हणायचो, ते कधी कुणाची स्तुती करायचे नाहीत. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहून 'स्वच्छ आहे' म्हटलं, तर मी तीन दिवस हवेत होते.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी व्हर्ना आली. अमेरिकेतून, वर्षभरासाठी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, कृष्णवर्णीय, उंच, आणि हसायची ती अशी की आमच्या त्या चिडीचूप कॉरिडॉरमध्ये माणसं दचकायची. आम्ही एकाच इमारतीत राहायचो. पहिल्याच आठवड्यात तिची कचऱ्याची पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून परत आली. जाळायच्या कचऱ्यात तिनं फुटका ग्लास टाकला होता. मग मी तिला शिकवलं. फुटकी काच, फुटकी कपबशी वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर 'धोका' असं लिहायचं, न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी ठेवायची. काय कचरा आणि काय नाही हे ठरवण्यात मी भलतीच पटाईत होते, बघा. सगळ्या इमारतीत माझी एकटीचीच पिशवी कधी परत आली नव्हती, आणि याचा मला अभिमान होता. हसू नका. परदेशात माणूस असल्या गोष्टींवर जगतो.

व्हर्ना स्वतःबरोबर एक हार्ड डिस्क घेऊन आली होती. त्यात तिच्या गावच्या कबरस्तानाची, असल्याच रडारनं घेतलेली मापं होती.

गाव अमेरिकेच्या दक्षिणेला, समुद्राजवळ. तिच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून धरून आणून तिथल्या मळ्यांवर राबवलं होतं. गुलाम म्हणून. मेले की मळ्याच्या कडेला, ज्या जमिनीत काही पिकत नाही अशा जागी पुरायचे. कोरीव दगड कुठून आणणार? अक्षरओळख करून घ्यायचीसुद्धा बंदी होती त्यांना. मग काय, शेतातलाच एखादा दगड उभा करायचा. लाकडाची फळी, लोखंडी नळीचा तुकडा. आणि वर वस्तू ठेवायच्या. पांढरे शंख, शिंपले. गेलेल्या माणसानं ज्यातून शेवटचं पाणी प्यायलं तो कप. शेवटची औषधाची बाटली, ताटली, दिवा. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे उठायची वेळ येईल तेव्हा माणूस उगवतीकडे तोंड करून उठेल. ही पद्धत गुलामी संपल्यावरही चालू राहिली, व्हर्नाच्या आजीपर्यंत.

आणि त्या वस्तू ठेवताना फोडायच्या. कपाचा कान तोडायचा, ताटलीला भोक पाडायचं. मी विचारलं, का? तर म्हणाली, साखळी तुटावी म्हणून. एक गेला तो गेला, त्याच्यामागून घरातल्या दुसऱ्यानं जाऊ नये.

मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, अगं, आमच्याकडेही फोडतात! खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतात, त्याला भोकं पाडत जातात आणि शेवटी मागे टाकून फोडतात. व्हर्नानं विचारलं, कशासाठी? मला सांगता येईना. आमच्या घरात बायका स्मशानात जात नसत, आणि मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं. "तू शास्त्रज्ञ ना गं?" म्हणून ती खो-खो हसली. त्या दिवशी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन तळ्याकाठी बसलो आणि दीड तास मेलेल्या माणसांबद्दल बोललो. इतकं मनमोकळं मी त्या देशात कुणाशी बोलले नव्हते. हेही लक्षात ठेवा. मैत्रीण होती ती माझी.

तिचं काम असं होतं. कबरस्तानाच्या पूर्वेच्या कुंपणालगत एक रस्ता होता, तो रुंद व्हायचा होता. तिथल्या सरकारचं म्हणणं, कबरी कुठे आहेत त्याचा नकाशा द्या, आम्ही त्यांना धक्का लावणार नाही, बाकी जागा घेऊ. दगड कधीच हलले-पडले होते, कप-ताटल्या मातीखाली गेल्या होत्या. वरून बघून कुणाला काही सांगता येत नव्हतं. म्हणून ही मापं, म्हणून व्हर्ना, म्हणून माझी चाळण. सेन्सेईंना तर आनंदच झाला. आमचा एक मोठा पेपर तयार होत होता. रस्त्यांवर चालणारी पद्धत कबरस्तानातही चालते असं दुसरं उदाहरण आयतं मिळालं असतं.

मी चाळण लावली. अहाहा! एकेक कबर अशी उठून आली की व्हर्ना माझ्या खांद्यामागे उभी राहून रडायला लागली. लांबट, पूर्व-पश्चिम, रांगेत. नकाशा झाला. तिनं तो गावी पाठवला, आणि एका रविवारी सकाळी — त्यांची शनिवारची संध्याकाळ — आम्ही त्यांच्या चर्चमधल्या मंडळींशी व्हिडिओवर बोललो.

तिथे रूथमावशी होत्या. व्हर्नाच्या सख्ख्या मावशी, नव्वदीला टेकलेल्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. सरकारच्या कागदावर सही त्यांचीच लागणार होती. त्यांनी नकाशा कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला की आम्हाला नुसता कागदच दिसत होता, आणि कागदामागून आवाज आला, "बाळं कुठे आहेत?"

व्हर्ना म्हणाली, कुठली बाळं, मावशी?

"कुंपणालगतची. माझ्या आईनं दाखवली होती मला. एकेकाचा कप ठेवलेला. आमचा थोरला भाऊही तिथेच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — अगदी गोड आवाजात बरं का, मोठ्या माणसांशी बोलावं तसं — म्हटलं, त्या पट्ट्यात आम्हाला फक्त वरवरचा कचरा सापडलाय.

कचरा म्हटलं मी. त्यांना.

मावशींनी कागद खाली केला, आणि पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा दिसला. म्हणाल्या, "बाई गं, तो कचरा दिसायला कसा होता?"

मला ठाऊक नव्हतं. मी तो कधी पाहिलाच नव्हता, चाळणीनं परस्पर काढून टाकला होता. पण मी म्हटलं, "विस्कळीत. इकडेतिकडे पडलेला."

हे पहिलं खोटं. पण कबुली द्यायची ती याची नाही. हे माणूस घाईत बोलून जातो, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. खरंच करतो का? बरेच जण करतात, असं मला अजून वाटतं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना मी तो पट्टा उघडला आणि चाळण बंद केली. मला मावशी चूक ठरवायच्या होत्या. पडद्यावर सगळा गोमी परत आला — आणि तो विस्कळीत नव्हता हो. सारख्या अंतरावर होता. कुंपणाला धरून एक रांग. प्रत्येक पुंजक्याखाली एक छोटासा, उथळ खड्डा. पूर्व-पश्चिम. लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या दुपटीएवढी, काही तर तेवढीही नाही. मोठ्यांच्या कबरी खोल होत्या म्हणून चाळणीतून वाचल्या. ही मुलं इतकी वर होती की वरच्या कपाबरोबर माझ्या प्रोग्रॅमनं खालचं बाळही उचलून टाकलं होतं.

अकरा होती. मी बोट लावून मोजली.

आता हे ऐका. आमच्या मिरजेच्या घरात मी सात वर्षांची असताना माझा भाऊ गेला, चार महिन्यांचा. आमच्यात इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. बाबा आणि काका त्याला टॉवेलात गुंडाळून नदीकडे घेऊन गेले. आई उंबऱ्यापर्यंत. पुढे वर्षानुवर्षं ती विचारायची, कुठे ठेवलंत त्याला? आणि बाबा म्हणायचे, आता लक्षात नाही. कॉलेजात असताना मी एकदा बाबांवर असा आवाज चढवला होता की शेजारी गॅलरीत आले. लक्षात नाही म्हणजे काय? एक दगड तरी ठेवायचा होतात! चार महिने त्यांच्याशी धड बोलले नाही मी. म्हणजे बघा, कुंपणालगत एक कप म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्या अख्ख्या इमारतीत, व्हर्ना सोडली तर, हे ज्या एका व्यक्तीला समजत होतं ती मीच होते.

आणि मी काय केलं? चाळण पुन्हा सुरू केली. रांग गेली. फाइल जतन केली. आणि अहवालात लिहिलं — "पूर्व कुंपणालगत पृष्ठभागावरील विस्कळीत कचरा. दफनाचा पुरावा नाही."

संध्याकाळी सायकली काढताना व्हर्नानं विचारलं, "मावशी म्हणतात तो भाग तू परत एकदा बघितलास ना?" मी म्हटलं, "हो, बघितला. काही नाही तिथे." तिनं माझा हात दाबला, थँक यू म्हणाली. आणि आम्ही नेहमीसारख्या सुपरमार्केटला जाऊन सवलतीतलं टोफू घेऊन घरी आलो.

का केलं? — विचाराच. मीही विचारलंय.

नोकरी जाईल म्हणून? माझा करार मार्चमध्ये संपत होता हे खरं, पण माझा नवरा, सुहास, तेव्हा मला रोज सांगत होता की नाही झालं पुढचं तर परत जाऊ, पुण्यात काय कमी आहे. तो माझ्यासाठी स्वतःची नोकरी सोडून आला होता, शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ भाज्या चिरत होता, आणि तरी खुशाल होता. त्याच्या आड मला लपता येत नाही. सेन्सेई रागावले असते म्हणून? छे! त्यांनी भुवया उंचावल्या असत्या, 'असं का' म्हणाले असते, आणि पेपर सहा महिने पुढे गेला असता. सहा महिने. एवढीच किंमत होती हो. दुसरं उदाहरण गळलं असतं, चाळणीत एक सुधारणा करावी लागली असती. उलट पद्धत चांगलीच झाली असती.

नाही. मी ते केलं कारण चाळण माझी होती. कारण एका शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्या बाईनं, कागद उलटसुलट धरून, माझ्या तीन वर्षांच्या कामातली चूक एका वाक्यात काढली होती आणि ते मला सोसलं नाही. तिचं खरं आणि माझं खोटं — हे मला सेन्सेईंसमोर, व्हर्नासमोर, सगळ्यांसमोर म्हणायचं नव्हतं. घमेंड, दुसरं काही नाही. चांगल्या घरातली, अभ्यासू, पिशवी कधी परत न आलेली घमेंड. बाबा निदान खरंच विसरले असतील, मी तर समोर बघत होते.

आणि लोक म्हणतात ना, डेटा असं सांगतो? आमच्या धंद्यात उठता-बसता म्हणतात. डेटा काही सांगत नसतो. काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे माणूस ठरवतो आणि मग हात वर करतो. मी बावीस विद्यापीठांच्या लोकांसमोर उभी राहून 'डेटा असं सांगतो' हे वाक्य म्हटलंय, आणि टाळ्या घेतल्यात. आता कुणी माझ्यासमोर ते म्हटलं तर मला उठून त्याचा माइक काढून घ्यावासा वाटतो.

पुढचं ऐका. रूथमावशींनी सही करायला नकार दिला. दोन महिने. मग घरच्यांनीच त्यांना समजावलं. पुतणे, भाचे, पाद्री. सगळ्यांचं एकच — मावशी, जपानमधल्या लोकांनी दोनदा तपासलंय. तुम्ही तेव्हा पाच वर्षांच्या होतात. वय झालं की होतं असं. व्हर्नानंही समजावलं. माझ्या भरवशावर. फोन ठेवून मला म्हणाली, "हट्टी आहे गं फार, पण आता थकलीय." मी चहा करत होते. मी मान हलवली.

मावशींनी सही केली. रस्ता रुंद झाला. कुंपण चार पावलं आत सरकलं. चर्चनं पैसे जमवून नकाशावरच्या प्रत्येक कबरीला एकेक लहान दगड बसवला, बिननावाचा, पण दगड. व्हर्नानं फोटो पाठवला. गवतात सगळे दगड, मधोमध रूथमावशी टोपी घालून उभ्या. आणि त्यांच्या मागे नवंकोरं काळं डांबर. तो फोटो मी पेपरच्या प्रेझेंटेशनमध्ये शेवटी लावायचे. समाजाला उपयोग, म्हणून. लाज? त्या वेळी नाही वाटली. मी तुम्हाला खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही खरं सांगते — त्या वेळी मला बरं वाटायचं.

मला कायमची जागा मिळाली. सुहासला मनासारखी नोकरी लागली. मुलगी झाली, ती आता मला जपानीत उत्तरं देते आणि आजीशी बोलताना अडखळते. सगळं छान चाललं, बघा. कुठलीही शिक्षा झाली नाही, स्वप्नंबिप्नं पडली नाहीत. ज्यांना वाटतं की अशा माणसाला आतून काहीतरी पोखरत असतं, त्यांना सांगते, नाही पोखरत. मी मजेत जेवत होते.

व्हर्ना परत गेली, पण दर नाताळला पत्र लिहायची. हातानं. त्यात मावशींचं असायचंच. पहिल्या वर्षी — मावशी रविवारी प्रार्थनेनंतर घडीची खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन बसतात, गाड्या जातात तिथे. दुसऱ्या वर्षी — तिला एकटीला बाहेर सोडत नाही आता, डॉक्टर म्हणतात स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल. पुढच्या — आज मला म्हणाली, व्हर्ना, तुम्ही माझ्या भावावरून गाड्या चालवता. आम्ही हो हो म्हणतो, वाद घालत नाही. आणि मी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. प्रत्येक! 'म्हातारपण वाईट गं. काळजी घे. मावशींना नमस्कार.' जपानी चित्रांची सुंदर कार्डं शोधून शोधून पाठवायची मी.

तिथे, त्या कार्डांत, खरा गुन्हा आहे. मुलं तर गेलेलीच होती. रूथमावशी जिवंत होत्या. स्वतःला ठाऊक असलेली एक खरी गोष्ट त्या एकट्याच सांगत होत्या आणि सगळं घर त्यांना प्रेमानं वेडी ठरवत होतं. एका ओळीत मी ते थांबवू शकत होते. सात नाताळ गेले. सात वेळा पेन माझ्या हातात होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. व्हर्नानं लिहिलं, जुन्या रीतीनं केलं सगळं. डोकं पश्चिमेला. त्यांचा कॉफीचा निळा मग, कान तोडून, उशाशी ठेवला, आणि एक शंख. शेवटच्या दिवसांत माणसं ओळखत होत्या, देवाची गाणी पाठ होती, औषधांच्या वेळासुद्धा तोंडपाठ. फक्त त्या बाळांचं एक वेड गेलं नाही. व्हर्ना लिहिते, 'डॉक्टरलाही नवल वाटायचं, बाकी सगळं इतकं कसं शाबूत. तुला काही सुचतं का, मेधा?'

ते पत्र मी ऑफिसात वाचलं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलींना शिस्तीत उभं करत होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला. संताप — आणि दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. बाई, तुला काही सुचतं का म्हणून विचारतेय ती! अजूनही तुझं मत विचारतेय!

मी जुनी फाइल काढली. चाळण नसलेली. ती मी कधी पुसली नव्हती. का नव्हती, ते मला विचारू नका. पुसली नाही म्हणून माझ्या नावावर काही पुण्य जमा करू नका. त्यावर मी ती पहिल्यांदा उघडली त्याची तारीख आहे, वेळही आहे. म्हणजे कुणाला वाटायला नको की नंतर कधी लक्षात आलं.

आता ती फाइल व्हर्नाला जातेय, चर्चला जातेय, रस्ता करणाऱ्या खात्याला जातेय, आणि ज्या मासिकात पेपर आला त्यांनाही. हे तुम्ही वाचाल तोवर गेलेली असेल. परवा सुहासला सांगेन. आईला फोनवर सांगेन, आणि ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. इथे माझी चौकशी लागेल. लागू दे. जागा गेली तर जाऊ दे, तिच्यावर माझा हक्क नव्हताच. कुणी म्हणेल, इतक्या वर्षांनी कशाला उकरतेस? रस्ता आता कोण खणणार? नाही खणणार कदाचित. म्हणून गप्प बसू? तेच तर इतकी वर्षं केलं.

फाइलबरोबरच्या पत्रात माफीचा शब्द घातलेला नाही. घातला असता तर व्हर्नाला त्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तेवढा भारही तिच्यावर टाकायचा मला अधिकार नाही. तिनं ते फाडावं, जाळावं, मला कोर्टात खेचावं. मैत्रीचं नावसुद्धा काढलेलं नाही मी. पत्र पाच ओळींचं आहे.

रस्त्याच्या पश्चिम कडेखाली, जुन्या कुंपणाच्या रेषेत, अकरा लहान मुलं पुरलेली आहेत. प्रत्येकावर एक कप किंवा बशी आहे. मी हे अहवाल देण्याआधी पाहिलं होतं आणि लपवलं. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. रूथमावशींना शेवटच्या दिवसापर्यंत सगळं बरोबर आठवत होतं.